गडग्यावरचा पोलीस

हिलरीला पहिल्यांदा खटकला तो पोलीस.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. रविवारचं जेवण आटोपलं होतं, मटण-बटाट्याच्या टेटी पॉटचं करपलेलं भांडं सिंकमध्ये भिजत पडलं होतं, आणि हाय गिल या डोंगरावरच्या शेतघराच्या स्वयंपाकघरात लांब टेबलाच्या एका अंगाला सारं माउन्सी घराणं विद्यापीठाची निवड समिती होऊन बसलं होतं. मधल्या खुर्चीवर हिलरी, कारण खालच्या गावातल्या शाळेत सिक्स्थ फॉर्मची, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांच्या मुलांची, ती प्रमुख होती आणि विद्यापीठाकडे जाणारा प्रत्येक अर्ज तिच्या हाताखालून जात असे. तिच्या उजवीकडे वडील विल्फ, कोट चढवून आणि टाय बांधून. प्रोफेसर व्हायचं तर नीट व्हायचं, असं त्यांचं म्हणणं. डावीकडे भावजय लॉरेन. भाऊ स्टुअर्ट समितीत बसायला काही केल्या तयार झाला नव्हता. तो दाराशी स्टुलावर बसून बुटांना चरबी चोळत होता. आणि समोरच्या एकट्या खुर्चीवर त्याची मुलगी एरिन, केस मागे घट्ट बांधून, परक्या घरी आल्यासारखी ताठ.

पशुवैद्यकीच्या अर्जांची मुदत इतर सगळ्यांच्या आधी संपते. मंगळवारी संध्याकाळी सहाला ती संपणार होती. एरिनला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि ते तिला अगदी लहानपणापासून व्हायचं होतं याबद्दल घरात कुणाचंच दुमत नव्हतं. जे काही दुमत होतं ते बाकी सगळ्याबद्दल होतं. अर्जात मुलांनी स्वतःविषयी एक निवेदन लिहायचं असतं, स्वतःच्या शब्दांत. ते दुसऱ्या कुणी लिहून दिल्याचं विद्यापीठाला कळलं तर अर्ज बाद होतो. म्हणून अर्ज शाळेतून पुढे पाठवण्याआधी हिलरी तो डोळ्यांत तेल घालून वाचायची, आणि पाठवण्याचं बटण दुसऱ्या कुणाला दाबू द्यायची नाही. एरिनचं नवं निवेदन तिने अजून पाहिलं नव्हतं. पोरीने हट्टच धरला होता, की आधी तोंडी म्हणून दाखवते, मग वाच.

"पशुवैद्यकच का?" हिलरीने शाळेतल्या आवाजात विचारलं.

एरिनने घसा खाकरला. "मी दहा वर्षांची असताना आमच्याकडे मेंढ्या औषधाच्या हौदात बुडवायचा दिवस होता. दगडी कुंपणाच्या गडग्यावर एक पोलीस बसला होता, हातात घड्याळ घेऊन. प्रत्येक मेंढी पुरतं एक मिनिट हौदात राहते की नाही ते बघायला त्याला पाठवलं होतं. मी त्याला विचारलं, मेंढ्यांनी गुन्हा काय केलाय? तो म्हणाला, एकीची खरूज म्हणजे सगळ्या डोंगराची खरूज. त्या दिवशी मला कळलं, की एका जनावराचा आजार कधीच त्या एकट्याचा नसतो."

छान होतं. फारच छान होतं. हिलरीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण ती काही बोलायच्या आत शेजारी विल्फनी टेबलावर थाप मारली.

"सार्जंट डार्ग! पट्ट्यापट्ट्यांच्या पेपरमिंटच्या गोळ्या चघळत बसायचा लेकाचा, आणि एक कुणाला देईल तर शपथ. घड्याळही बंद असायचं त्याचं. वा, वा, पोरी, हुबेहूब उभा केलास!" मग त्यांचा चेहरा जरा गोंधळला. "पण तू कुठे पाहिलास त्याला? त्याच्या पेटीला मी खांदा दिला तेव्हा तुझी आई या घरात यायचीच होती."

बुटावरचा फडका थांबला. मॉसने, म्हणजे कुत्र्याने, टेबलाखालून मान वर काढून सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

डोंगरावरच्या कुणाही माणसाला हे सांगायला लागलं नसतं. हौदाची सक्ती उठली तेव्हा स्टुअर्टलाच जेमतेम मिसरूड फुटत होतं. सक्ती गेली आणि गडग्यावरचा पोलीसही गेला. सतरा वर्षांच्या मुलीने तो पाहिलेला असणं शक्यच नव्हतं. शहरातल्या मास्तरापुढे हे खपून गेलं असतं. पण पशुवैद्यकीच्या मुलाखतीला समोर बसतात ते याच असल्या हौदांवर उभं राहून म्हातारे झालेले लोक. त्यांच्या ते एका वाक्यात ध्यानात आलं असतं.

"एरिन," हिलरी म्हणाली, "हे कुणी लिहून दिलं?"

"कुणी नाही."

"मी विचारतेय."

"आणि मी सांगतेय, आत्या."

हिलरीने मान डावीकडे वळवली. लॉरेनने लगेच हात आडवे बांधले. "माझ्याकडे काय बघतेस?"

"तुझी ती मावसबहीण आहे ना, लँकेस्टरची. लोकांच्या पोरांची निवेदनं चकाचक करून देते."

"म्हणजे पहिला संशय माझ्यावर. नेहमीसारखा." लॉरेन बॅरो शहरातल्या गोदी-कामगाराची मुलगी. वीस वर्षं या घरात काढूनही आपल्याला दारातच उभं ठेवलंय असं तिला वाटायचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. "हिलरी, जरा डोकं चालव. मेंढीला पोलीस लागतो हे मला आत्ता या मिनिटाला कळलं. माझी मावसबहीण तर मेंढी फक्त ताटात ओळखते."

हे बिनतोड होतं. मग ते कुणाला ठाऊक असणार? सगळ्यांच्या नजरा एकदमच दाराकडे गेल्या. लॉरेनचीसुद्धा गेली, आणि त्या क्षणी या दोघी बायका कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एका बाजूला आल्या.

"स्टुअर्ट," लॉरेन हळू म्हणाली, "तू?"

"मी एक अक्षर लिहिलेलं नाही."

"पण पोलीस तुझा आहे."

स्टुअर्टने बूट खाली ठेवला, फडका खिशात कोंबला आणि तो दार उघडून बाहेर निघून गेला. माउन्सी पुरुषांची वाद घालायची हीच रीत होती. हिलरी त्याच्या मागे गेली.

तो लोकर ठेवायच्या कोठीच्या दाराशी उभा होता. डोंगराच्या माथ्यावर ढग उतरले होते आणि अंगणात ओल्या मेंढ्यांचा वास भरून राहिला होता. लवकरच मेंढ्यांमध्ये नर सोडायचे होते, आणि यंदा त्याच्या गुडघ्यांनी त्याला दगा दिला होता. हे सगळं हिलरीला ठाऊक होतं. म्हणूनच तिच्या डोक्यात जे आलं होतं ते तिला गिळता येईना.

"आता खरं सांग. तू हे तिच्या तोंडी मुद्दाम घातलंस?"

"मुद्दाम म्हणजे?"

"म्हणजे तिथे कुणीतरी हसावं, आणि पोरगी घरी परत यावी म्हणून."

त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. "मी माझ्या पोरीच्या वाटेत खोडा घालीन असं वाटतं तुला?"

"उन्हाळ्यात काय म्हणाला होतास? पुढच्या वर्षी वरच्या कुरणाचा गडगा एरिन आणि मी मिळून बांधू. पुढच्या वर्षी ती इथे नसणार हे तुला माहीत होतं."

"माहीत होतं. माणूस म्हणतो, हिल. म्हणायला काही बंदी आहे का? तुला शाळा मिळाली, मला शेत मिळालं, आणि गेली पंचवीस वर्षं तू मला असं बघतेस की मीच तुझा वाटा चोरला. मी काही मागितलं नव्हतं. मला कुणी विचारलंही नव्हतं."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि त्यातलं निम्मं हिलरीला इतक्या वर्षांत मुखोद्गत झालं होतं, पण आज विषय तो नव्हता.

"मग पोलीस तिच्याकडे गेला कसा?"

"तिनेच विचारलं. मागल्या महिन्यात, ट्रॅक्टरवर. म्हणाली, बाबा, तू लहान असतानाचं काहीतरी सांग, लोक कान टवकारतील असं. मी डार्गचं सांगितलं. खूप हसली. मला बरं वाटलं." त्याने भिंतीवरच्या ओल्या शेवाळावरून बोट फिरवलं. "हल्ली ती माझ्याशी फारशी बोलत नाही. एप्रिलपासून नाही. म्हटलं, चला, बोलली तरी."

मागे दार वाजलं. लॉरेन कोट न घालताच बाहेर आली होती.

"तो खोटं बोलत नाहीये," ती हिलरीला म्हणाली. "मला कळतं. बॅरोची असले तरी नवऱ्याचं तोंड वाचता येतं मला. आता तूच एक सांग. बाकीच्या पोरांची निवेदनं तू एकदा वाचतेस, दोन खुणा करतेस आणि सोडून देतेस. आमच्या पोरीची तीन परत पाठवलीस. तीन! लाल पेनाने नुसती रक्तबंबाळ करून. का?"

"कारण ती चांगली नव्हती."

"की ती तुझी भाची आहे म्हणून? शिक्षकांच्या खोलीत कुणी बोलायला नको, हिलरीबाईंनी घरच्या पोरीला झुकतं माप दिलं. म्हणून तिला उलटं मापलंस."

"असलं काही नाही," हिलरी म्हणाली. पण ते ती फार पटकन म्हणाली, आणि तिघांनाही ते ऐकू आलं. लॉरेन जाऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. आत्ताच टेबलापाशी जुळलेली युती अंगणात मोडली होती. संशय घरभर फिरून आता हिलरीच्या दाराशी येऊन बसला होता आणि तो तिथून हलायला तयार नव्हता.

ती आत आली तेव्हा विल्फ टाय सैल करून भांडी पुसत होते आणि एरिन ते करपलेलं भांडं घासत होती. बाप, आई, आत्या असे तिघे ओळीने आत आलेले बघून तिने नळ बंद केला.

"मीच लिहिलंय," ती म्हणाली. "शब्द न् शब्द. बाबाला कशाला बाहेर नेलंस?"

"गोष्ट तुझी नाही."

"नाही. मी ती पांघरलीय."

"म्हणजे?"

"आत्या, तू याच घरात वाढलीस ना? ज्या मेंढीचं कोकरू मेलंय तिला दुसरं पोरकं कोकरू द्यायचं असलं की आपण काय करतो? मेलेल्याचं कातडं काढतो आणि जिवंताच्या अंगावर चढवतो. मेंढी हुंगते. तिला वाटतं आपलंच आहे, मग पिऊ देते." एरिनने साबणाचे हात अंगातल्या स्वेटरलाच पुसले. "मी तुला तीनदा माझंच दिलं. तू तीनदा हुंगलंस आणि ढुशी मारलीस. मग मी दुसऱ्याचं कातडं घातलं. आणि खरं सांग, पोलीस आला तेव्हा तुला आवडलं. तुझ्या तोंडावर दिसत होतं."

विल्फनी ताटली अगदी हलक्या हाताने फळीवर ठेवली.

हिलरी खुर्चीवर बसली. तिला आवडलं होतं, हे खरंच होतं. शंका आली ती नंतर. "तुझ्या पहिल्यामध्ये," ती म्हणाली आणि थांबली. प्रत्येक मुलाचं निवेदन आपल्याला आठवतं अशी तिची शाळेत ख्याती होती. दहा वर्षांपूर्वीची पोरं बाजारात भेटली तर ती त्यांना त्यांचीच पहिली ओळ म्हणून दाखवायची. आता ती आठवत बसली, आणि घरच्या पोरीचं तिला काही म्हणता काही आठवेना. "पहिल्यामध्ये काय होतं?"

"तुला आठवत नाही?"

"नाही."

एरिनचा आवाज चढलाही नाही. रागावली असती तर हिलरीला बरं वाटलं असतं. "तू कडेला लिहिलं होतंस, अपयशाने सुरुवात करू नये. दुसऱ्यातून मी ते काढलं, तर लिहिलंस, यात माणूसच दिसत नाही. तिसरं तर मलाही आठवत नाही."

"कसलं अपयश?" स्टुअर्टने विचारलं.

आता एरिनने बापाकडे बघायचं टाळलं, आणि हिलरीच्या लक्षात आलं, की एप्रिलपासून असं का ते आत्ता या खोलीत कळणार आहे. ती उठली. तिने ती एकटी खुर्ची टेबलासमोर नीट लावली, स्वतः मधल्या जागी जाऊन बसली आणि म्हणाली, "बस. पुन्हा विचारते. बाबा, तुम्हीही बसा."

विल्फ बसले. टाय वर करायचं भान त्यांना राहिलं नाही. लॉरेन बसली. स्टुअर्ट दाराशीच उभा राहिला, पण या वेळी त्याच्या हातात बूट नव्हता.

"पशुवैद्यकच का?"

एरिनला सुरुवात सापडेना. मघाची घडवलेली वाक्यं आता तिच्या कामाची नव्हती. "एप्रिलमध्ये," ती म्हणाली, "एक पोरकं कोकरू होतं. बाबाने त्याला कातडं चढवून एका मेंढीपाशी बंद केलं आणि माझ्यावर सोपवलं. मेंढीने घेतलं त्याला. पीत होतं. दुसऱ्या दिवशी ऊन आलं. कातड्याला वास यायला लागला, माशा बसायला लागल्या. कोकरू नुसतं थरथरत होतं. मला वाटलं, आता तिचंच दूध त्याच्या पोटात आहे, आता तिला कळेल. मी कातडं काढलं."

हिलरीचा हात सवयीने पेनाकडे गेला होता. तिने तो मागे घेतला.

"मी सकाळी गेले तर तिने त्याला भिंतीशी चेचलं होतं. जिवंत होतं थोडं. मी मांडीवर घेऊन बसले. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या कामाला आले होते, त्यांना विचारलं, एक दिवस आधी तिने चाटलं होतं याला, मग असं का? ते म्हणाले, होतं कधीकधी. ते चांगले आहेत, माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. पण मला ते 'होतं' पुरलं नाही. तिला नक्की काय कळलं, कशावरून कळलं, किती वेळाने कळलं नसतं? तेव्हापासून मी तेच वाचतेय. कुणालाच नीट माहीत नाही. मला माहीत करून घ्यायचंय. एवढंच आहे. पोलीस-बिलीस काही नाही."

विल्फनी नाक शिंकरलं.

"तू मला सांगितलंस कोल्ह्याने नेलं," स्टुअर्ट म्हणाला.

"हो."

"मी दोन रात्री बंदूक घेऊन बसलो होतो त्या कोल्ह्यासाठी."

"मला माहीत आहे, बाबा."

तो पुढे आला. टेबलाच्या कडेला हात टेकून उभा राहिला आणि मुलीशी नाही, समितीशीच बोलला, जणू खरंच तिथे परकी माणसं बसली होती आणि निकाल त्यांच्या हातात होता. "तिची चूक नाही ती. कातडं किती दिवस ठेवायचं ते मी तिला सांगायला हवं होतं. गडबडीत राहून गेलं. असं लिहा तिथे. बापाने सांगितलं नव्हतं."

लॉरेनने झटकन हिलरीकडे पाहिलं. ही पळवाट चांगली होती. वाचणाऱ्याला मुलीची दया आली असती, आणि डाग लागलाच असता तर तो डोंगरावरच्या एका शेतकऱ्याला, ज्याला त्याने काही फरक पडणार नव्हता. हिलरीने अशा पळवाटा इतर मुलांना सुचवल्याही होत्या.

एरिनने मान हलवली. "तू सांगितलं होतंस, बाबा. दोनदा सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

हिलरीने लाल पेनाला टोपण लावलं. दुपारपासून पहिल्यांदाच तिला काहीही खटकलं नव्हतं.

"हे लिही," ती म्हणाली. "याच शब्दांत. आणि उद्या मला दाखवू नकोस. मंगळवारी थेट शाळेत दे, मी पाठवते."

"न वाचता?"

"न वाचता."

एरिनने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. या घरात एवढ्या सहज विश्वास ठेवायची पद्धत नव्हती, आणि ती पोरगी शेवटी माउन्सीच होती. मग ती वळली आणि तिने पुन्हा नळ सोडला. स्टुअर्टने कोरडा फडका उचलला आणि तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.